सातूपासून बाटलीपर्यंत : आपला माल आपल्याच नावाने भरणाऱ्या डिस्टिलऱ्या

आपण पिकवलेला माल शेवटी कोणाच्या नावाने विकला जातो, हा आपल्या सर्वांच्याच जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. माल पोत्यात भरून बाजार समितीत गेला की पिकवणाऱ्याचे नाव तेथेच पुसले जाते. पुढे त्याची प्रतवारी, प्रक्रिया व पॅकिंग होऊन तो दुसऱ्याच्या नावाने दुकानात येतो. हा अनुभव केवळ आपलाच नाही. स्कॉटलंडमधील व्हिस्की उद्योगात माल तयार करणाऱ्या कारखान्यांनाही तो शंभर वर्षांहून अधिक काळ आला. काही डिस्टिलऱ्यांनी आपली व्हिस्की स्वतःच बाटलीत भरून स्वतःच्या नावाने विकण्याचा मार्ग धरला. त्याचा सातू पिकवणाऱ्या शेतकऱ्यावर काय परिणाम झाला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. एका धान्याची किंमत टप्प्याटप्प्याने कशी वाढते व ती वाढ कोणाच्या हाती राहते, हे समजून घेण्यासाठी व्हिस्कीसारखे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

सातूची व्हिस्की कशी होते?

स्कॉटलंडची 'माल्ट व्हिस्की' ही केवळ सातूपासून (जव, बार्ली) तयार होते. त्यासाठी दोन ओळींचा, टपोऱ्या दाण्याचा व कमी नत्राचा सातू लागतो. दाण्यात नत्राचे प्रमाण साधारणपणे १.६५ टक्क्यांपेक्षा कमी असावे, अशी खरेदीदारांची अपेक्षा असते. नत्र वाढले की प्रथिने वाढतात, पिष्ट कमी होते व मद्यार्काचा उतारा घटतो. म्हणूनच तेथील शेतकरी नत्रखताची मात्रा हात राखून देतो. असा माल नाकारला गेला तर तो जनावरांच्या खाद्याच्या भावाने विकावा लागतो.

वाणांचा इतिहासही उद्बोधक आहे. 'गोल्डन प्रॉमिस' हा एकेकाळचा प्रसिद्ध बुटका वाण गॅमा किरणांच्या साहाय्याने घडवून आणलेल्या उत्परिवर्तनातून मिळाला होता. आपल्याकडील भुईमुगाच्या ट्रॉम्बे वाणांच्या पैदाशीतही याच तंत्राचा उपयोग झाला आहे.

सातूपासून व्हिस्की होण्याचे टप्पे थोडक्यात पुढीलप्रमाणे आहेत :

१) माल्ट करणे : सातू सुमारे दोन दिवस पाण्यात भिजवून दाण्यातील ओलावा ४५ टक्क्यांच्या आसपास आणतात. नंतर तो पसरून मोड येऊ देतात. जुन्या पद्धतीत तो फरशीवर पसरून लाकडी फावड्याने वारंवार परततात, म्हणजे मुळ्या एकमेकींत गुंतत नाहीत व ढीग तापत नाही. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. पाच ते सात दिवसांनी गरम हवेने वाळवून मोडाची वाढ थांबवतात. वाळवताना पीट, म्हणजे दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर जाळला, तर धुराचा वास दाण्यात उतरतो.

२) साखर काढणे व आंबवणे : माल्ट भरडून त्यात सुमारे ६३ ते ६५ अंश सेल्सिअसचे पाणी घालतात. पिष्टाची साखर होऊन ती पाण्यात उतरते. हे गोड पाणी थंड करून त्यात यीस्ट घालतात. दोन ते चार दिवसांत ८-९ टक्के मद्यार्काचे आंबवण तयार होते. उरलेला चोथा गुरांच्या खाद्यासाठी शेतकऱ्यांकडे परत जातो.

३) ऊर्ध्वपातन : हे आंबवण तांब्याच्या भांड्यात सहसा दोन वेळा उकळून वाफ थंड करतात. सुरुवातीचा व शेवटचा भाग वेगळा काढून फक्त मधला भाग घेतात. तो पाण्यासारखा रंगहीन असतो.

४) मुरवणे : हा अर्क ओक लाकडाच्या पिंपात भरून गोदामात ठेवतात. ७०० लिटरपेक्षा मोठे पिंप चालत नाही. कायद्याने किमान तीन वर्षे मुरल्याशिवाय त्याला 'व्हिस्की' म्हणताच येत नाही. या काळात दरवर्षी सुमारे दोन टक्के माल लाकडातून हवेत उडून जातो. तेथील लोक त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात.

५) बाटलीत भरणे : पाणी घालून तीव्रता ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठेवून माल बाटलीत भरतात. पाणी व रंगासाठी साधे कॅरमेल यांखेरीज त्यात काहीही मिसळता येत नाही.

यांपैकी पाचवा टप्पा सर्वांत सोपा वाटतो. प्रत्यक्षात नाव, भाव व ग्राहक ही तिन्ही याच टप्प्यावर ठरतात.

बाटली भरणारे तीन प्रकारचे

पहिला प्रकार मिश्रण करणाऱ्यांचा. हे व्यापारी अनेक डिस्टिलऱ्यांची माल्ट व्हिस्की घेतात आणि तिच्यात गहू किंवा मक्यापासून केलेली स्वस्त 'ग्रेन व्हिस्की' मिसळून आपल्या छापाने विकतात. जगात खपणाऱ्या स्कॉच व्हिस्कीत मोठा वाटा अशा मिश्रणांचाच आहे. त्यात डिस्टिलरीचे नाव ग्राहकाला सहसा कळत नाही.

दुसरा प्रकार स्वतंत्र बाटलीवाल्यांचा. हे लोक डिस्टिलरीकडून भरलेली पिंपे विकत घेतात, स्वतः मुरवतात व बाटलीवर डिस्टिलरीच्या नावासोबत आपले नाव घालतात. कॅडनहेड (१८४२) व एल्गिन गावची गॉर्डन अँड मॅकफेल (१८९५) या त्यातील जुन्या पेढ्या होत. डिस्टिलऱ्या स्वतः बाटल्या भरत नव्हत्या, त्या काळात अनेक माल्ट व्हिस्कींची ओळख अशा पेढ्यांमुळेच टिकून राहिली, हे मान्य केले पाहिजे.

तिसरा प्रकार म्हणजे ज्या डिस्टिलरीने माल केला, तिनेच किंवा तिच्या मालकाने तो बाटलीत भरणे. यात एक फरक लक्षात ठेवावा. मोठ्या कंपन्यांचा माल डिस्टिलरीच्या नावाने विकला जात असला तरी तो भरला जातो दूरच्या एखाद्या मध्यवर्ती कारखान्यात. डिस्टिलरीच्या आवारातच बाटली भरणाऱ्या डिस्टिलऱ्या त्या मानाने थोड्या आहेत.

ठोक खरेदीदारावर अवलंबून राहण्याची किंमत

एकाच प्रकारच्या ठोक खरेदीदारावर अवलंबून राहिले की काय होते, याची उदाहरणे या उद्योगात पुरेशी आहेत. १८९० च्या दशकात लीथ येथील पॅटिसन बंधूंची मिश्रण करणारी पेढी जोरात होती. १८९८ मध्ये ती बुडाली व तिच्याबरोबर अनेक डिस्टिलऱ्या अडचणीत आल्या. डफटाउन येथील विल्यम ग्रँट यांच्या ग्लेनफिडिक डिस्टिलरीचा ही पेढी मोठा ग्राहक होती. तो ग्राहक गेल्यावर ग्रँट कुटुंबाने स्वतःच मिश्रण करून आपल्या नावाने विकण्यास सुरुवात केली. पुढे १९६३ मध्ये याच कुटुंबाने एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की, म्हणजे 'सिंगल माल्ट', स्कॉटलंडबाहेर नेटाने विकायला काढली. इतर डिस्टिलऱ्या या वाटेला लागायला बराच काळ गेला.

कॅम्पबेलटाउन या बंदराच्या गावाची कथा अधिक बोलकी आहे. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आल्फ्रेड बर्नार्ड यांच्या पुस्तकात या एका गावातील २१ डिस्टिलऱ्यांची नोंद आहे. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतील दोनच उरल्या. मिश्रण करणाऱ्यांची चव बदलली, काहींनी घाईने हलका माल काढून नाव घालवले, त्यात अमेरिकेतील दारूबंदी व मंदी यांची भर पडली.

१९८० च्या दशकात पुन्हा तेच घडले. मागणीचा अंदाज चुकून गोदामे भरून गेली आणि १९८३ मध्ये एका मोठ्या कंपनीने पोर्ट एलन, ब्रोरा यांसारख्या डिस्टिलऱ्या बंद केल्या. त्यांचा माल प्रामुख्याने मिश्रणासाठी वापरला जाई. ग्राहकाला त्यांची नावे फारशी ठाऊक नव्हती, त्यामुळे त्या बंद पडल्याचे त्याला जाणवलेही नाही. पुढे पिंपांत राहिलेला माल डिस्टिलरीच्या नावाने बाटलीत भरला गेला, तेव्हा त्याला मोठा भाव मिळू लागला. अखेर ब्रोरा २०२१ मध्ये व पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. माल तोच होता. त्याचे नाव ग्राहकापर्यंत पोहोचायला मात्र डिस्टिलऱ्या बंद पडाव्या लागल्या.

सर्व टप्पे हाती ठेवणाऱ्या डिस्टिलऱ्या

स्प्रिंगबँक : कॅम्पबेलटाउनमध्ये टिकून राहिलेल्या दोन डिस्टिलऱ्यांपैकी ही एक. १८२८ मध्ये स्थापन झालेली ही डिस्टिलरी आजही मिचेल कुटुंबाच्या परंपरेतील कंपनीकडे आहे. लागणारा सर्व सातू येथे फरशीवर माल्ट केला जातो. ऊर्ध्वपातन, मुरवणे व बाटली भरणे हेही त्याच ठिकाणी होते. यंत्रे जुनी व काम हाताचे असल्यामुळे उत्पादन थोडे असते, परंतु गावात रोजगार अधिक राहतो.

ब्रुकलॅडी : आयला बेटावरची ही डिस्टिलरी १८८१ मधील. १९९४ मध्ये ती बंद झाली. नव्या मालकांनी ती विकत घेऊन २००१ मध्ये पुन्हा चालू केली व २००३ मध्ये बेटावरच बाटली भरण्याची सोय केली. त्यानंतर त्यांनी बेटावरील शेतकऱ्यांना सातू पेरण्यास उद्युक्त केले. त्यांच्या काही बाटल्यांवर सातू कोणत्या शेतातला व कोणत्या सालचा, हेही छापलेले असते. २०१२ मध्ये ही डिस्टिलरी एका फ्रेंच कंपनीने घेतली, तरी स्थानिक सातूची पद्धत पुढे चालू राहिली.

किलहोमन : त्याच बेटावर २००५ मध्ये अँथनी विल्स यांनी रॉकसाइड या शेतावर ही छोटी डिस्टिलरी सुरू केली. बेटावर १२४ वर्षांनी उभी राहिलेली ही पहिली नवी डिस्टिलरी. त्यांचा बराचसा माल बाहेरून आणलेल्या माल्टचा असला, तरी '१०० टक्के आयला' या नावाने ते एक वेगळी व्हिस्की काढतात. तिचा सातू याच शेतावर पिकतो, येथेच माल्ट होतो, येथेच मुरतो व येथेच बाटलीत भरला जातो. तिची पहिली बाटली २०११ मध्ये आली. २०१५ मध्ये डिस्टिलरीने ते शेतही विकत घेतले.

सातूच्या भावाचा हिशोब

आयला बेटावर सातूचे पीक घेणे सोपे नाही. समुद्रावरून जोराचा वारा येतो, काढणीच्या वेळी पाऊस असतो, हिवाळ्यात ग्रीनलँडकडून येणाऱ्या रानहंसांचे थवे शेतात उतरतात. उत्पादन मुख्य भूमीपेक्षा कमी व खर्च जास्त. मग हा महाग सातू घेणे डिस्टिलरीला परवडते कसे? पुढील ढोबळ हिशोब पाहावा.

• एक टन माल्टसाठी लागणारा सातू : सुमारे १.२ टन
• सातूचा भाव टनाला २०० पौंड धरल्यास एकूण किंमत : २४० पौंड
• एक टन माल्टपासून मिळणारा शुद्ध मद्यार्क : सुमारे ४०० लिटर
• दहा वर्षे मुरल्यावर, दरवर्षी २ टक्के घट धरून, शिल्लक : सुमारे ३२७ लिटर
• ४० टक्के तीव्रतेच्या ७०० मि.लि. बाटलीत शुद्ध मद्यार्क : ०.२८ लिटर
• मिळणाऱ्या बाटल्या : सुमारे १,१६०
• एका बाटलीतील सातूची किंमत : २० पेन्सच्या आसपास, म्हणजे साधारण २०-२५ रुपये

अशी बाटली दुकानात ४० पौंडांना विकली गेली असे समजू. २०२५ च्या दराने त्यातील सुमारे ९ पौंड उत्पादन शुल्कात व साडेसहा पौंडांहून अधिक रक्कम २० टक्के विक्रीकरात जाते. उरलेल्या २४ पौंडांत दुकानदार, वितरक, पिंप, गोदाम, काच, मजुरी, व्याज व नफा हे सर्व येते. या सगळ्यात सातूचे २० पेन्स!

आता सातूला दुप्पट भाव दिला असे धरा. बाटलीचा खर्च फक्त २० पेन्सने वाढेल. जो स्वतःच्या नावाने बाटली विकतो, तो हा वाढीव खर्च सहज सोसू शकतो, कारण 'हा सातू अमुक शेतातला' असे ग्राहकाला सांगून तो त्याची भरपाई करून घेतो. ठोक माल विकणाऱ्या डिस्टिलरीला असे करता येत नाही. तिच्या अर्काचा भाव लिटरवर ठरतो आणि शेताचे नाव पिंप रिकामे होताच संपते. आयलातील शेतकऱ्याला सातूचा चांगला खरेदीदार मिळाला, त्याचे मूळ बेटावर भरल्या जाणाऱ्या बाटलीत आहे, ते असे.

थांबण्याची तयारी हवी

या मार्गातील अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. आज काढलेला अर्क किमान तीन वर्षे व चांगल्या भावासाठी दहा-बारा वर्षे विकता येत नाही. पिंप, गोदाम व मजुरी यांचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतो. म्हणून पुष्कळ नव्या डिस्टिलऱ्या लगेच विकता येणारी जिन तयार करतात, तर काही आगाऊ पैसे घेऊन पिंपे विकतात.

फाइफ परगण्यातील डाफ्टमिल या शेतकरी कुटुंबाच्या डिस्टिलरीचा मार्ग आपल्या वाचकांना विशेष पटण्यासारखा आहे. कथबर्ट कुटुंबाने शेतावरील जुन्या इमारतीत २००५ मध्ये काम सुरू केले. सातू स्वतःचा, ऊर्ध्वपातन मात्र शेतीची कामे कमी असतात त्या उन्हाळ्याच्या व हिवाळ्याच्या काही आठवड्यांतच. घर शेतीवर चालत असल्यामुळे माल घाईने विकण्याची वेळ आली नाही. पहिली व्हिस्की २०१८ मध्ये, बारा वर्षांची झाल्यावर बाजारात आली. तिची विक्री त्यांनी लंडनच्या बेरी ब्रदर्स अँड रड या जुन्या पेढीकडे सोपवली आणि माल्टही ते बाहेरून करून आणतात. सर्वच टप्पे स्वतः करण्याचा हट्ट न धरता नाव व दर्जा तेवढा आपल्या हाती ठेवला, असे म्हणता येईल.

उलट बाजूने पाहिले तरी हाच कल दिसतो. गॉर्डन अँड मॅकफेल या स्वतंत्र बाटलीवाल्या पेढीने १९९३ मध्ये बेनरोमॅक ही बंद डिस्टिलरी घेतली व १९९८ मध्ये ती सुरू केली. २०२३ मध्ये तर तिने जाहीर केले की २०२४ पासून इतरांच्या डिस्टिलरीतील अर्क पिंपांत भरणे बंद करून स्वतःच्या डिस्टिलऱ्यांवर लक्ष द्यावयाचे. दुसऱ्याचा माल भरणाऱ्यालाही स्वतःचा माल हवासा वाटू लागला.

लेबल खरे असेल तरच नावाला किंमत

स्वतःच्या नावाला किंमत येण्यासाठी कायद्याचा आधार लागतो. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार एखाद्या डिस्टिलरीचे नाव तिच्यात न झालेल्या व्हिस्कीला छाप म्हणून देता येत नाही. बाटलीवर 'बारा वर्षे' असे लिहिले असेल, तर आतील सर्वांत कोवळा मालही बारा वर्षांचा असावा लागतो. नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरणे बंधनकारक आहे. म्हणजे ठोक पिंपे परदेशी पाठवून तेथे हवे तसे भरण्याची वाट बंद झाली.

स्प्रिंगबँक, ब्रुकलॅडी व किलहोमन कायद्यापेक्षाही पुढे जातात. त्या व्हिस्कीत रंग घालत नाहीत व माल गोठवून गाळत नाहीत. तीव्रता ४६ टक्क्यांच्या खाली आली की थंडीत व्हिस्की गढूळ दिसते, म्हणून सर्वसाधारण कारखाने ती थंड करून गाळतात. त्यात काही तेलकट व स्वादाचे घटकही निघून जातात. या डिस्टिलऱ्या माल सहसा ४६ टक्के किंवा अधिक तीव्रतेवर भरून हे टाळतात.

आपल्या भागाशी संबंध

आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या बऱ्याच मालात मळीपासून केलेला मद्यार्क असतो. युरोपीय संघात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, त्यामुळे असा माल तेथे त्या नावाने विकता येत नाही. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने भारतीय सातूची सिंगल माल्ट व्हिस्की २००४ मध्ये ग्लासगो येथे विक्रीस आणून हे चित्र बदलण्यास सुरुवात केली. गोव्यात कुंकळ्ळी येथील डिस्टिलरीची 'पॉल जॉन' ही सिंगल माल्ट २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये गेली. तिच्यासाठी उत्तर भारतात पिकणारा सहा ओळींचा सातू वापरतात. गोव्याच्या उष्ण हवेत माल लवकर मुरतो, पण देवदूतांचा वाटाही वाढतो. तेथे तो वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. या दराने पाच वर्षांत पिंपातील सुमारे एक तृतीयांश माल उडून जातो. थंड प्रदेशातील गणित येथे जसेच्या तसे लागू पडत नाही, ते यामुळे.

आपल्यासाठी बोध

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. त्यामुळे या उदाहरणातील पद्धत उचलायची नसून हिशोब उचलायचा आहे. गूळ, बेदाणा, हळद, काजू, तांदूळ अशा कोणत्याही मालाला तो लावून पाहावा.

१) ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या पाकिटात आपल्या कच्च्या मालाची किंमत किती, हे आधी काढावे. ती फार थोडी असेल, तर चांगल्या मालाला जादा भाव देण्यास तेथे वाव आहे, असे समजावे.

२) सर्व माल एकाच ठोक खरेदीदाराला न देता थोडा का होईना, आपल्या किंवा गटाच्या नावाने विकावा. खरेदीदाराने पाठ फिरवली तरी ग्राहकाला आपले नाव ठाऊक राहते.

३) माल साठवून नंतर विकायचा असेल, तर तोवर घरखर्च कशावर चालेल, हे अगोदर ठरवावे. व्याज व साठवणुकीतील घट हिशोबात धरावी.

४) सर्व टप्पे एकट्याने करण्याचा अट्टहास करू नये. दर्जा व नाव मात्र हातचे जाऊ देऊ नये.

५) पाकिटावर गाव, वाण व साल लिहिणार असाल, तर आत तेच असले पाहिजे. एकदा मिसळ झाली की नावाची किंमत जाते. कॅम्पबेलटाउनच्या डिस्टिलऱ्यांपैकी बहुतेकांना ती पुन्हा मिळवता आली नाही.